लॉ कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची खबरबात : अंकातली ही पाने कशी भरावीत

माजी विद्यार्थी संघाचा वार्षिक अंक हातात पडला की अध्यक्षांचे मनोगत फारसे कोणी वाचत नाही. माणूस थेट मागच्या पानांवर जातो, आपली बॅच शोधतो आणि बघतो : कोण न्यायाधीश झाले, कोण दुबईला गेले, कोणाच्या मुलीचे लग्न झाले, कोण आता राहिले नाही. ही पाने भरण्याचे काम बहुधा सर्वांत नव्या सभासदाच्या गळ्यात पडते. ‘व्हॉट्सॲपवरून चार मेसेज उचलायचे, त्यात काय’ असे त्याला सांगितलेले असते. प्रत्यक्षात लॉ कॉलेजच्या अंकात हे काम इतर कॉलेजांपेक्षा अवघड असते, कारण वाचणारे सगळे वकील असतात. पदनाम एका शब्दाने चुकले तरी फोन येतो. शिवाय वकिलाबद्दल काय छापावे यावर वकिली व्यवसायाचे स्वतःचे नियम आहेत.

आधी बॅच म्हणजे काय ते ठरवा

पहिला गोंधळ इथेच होतो. तीन वर्षांचा एलएल.बी. आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम एकाच कॉलेजात चालतात आणि शेवटची दोन-तीन वर्षे दोन्हींचा अभ्यास जवळपास सारखाच असतो. पुणे विद्यापीठात पाच वर्षांवाल्यांना तिसऱ्या वर्षानंतर बी.एस.एल. आणि पाचव्यानंतर एलएल.बी. मिळत असे, तर मुंबई विद्यापीठात पहिल्या पदवीचे नाव बी.एल.एस. त्यामुळे ‘मी 2004 चा’ असे कोणी म्हणाले तर ते प्रवेशाचे वर्ष, पहिल्या पदवीचे की शेवटच्या, हे विचारल्याशिवाय कळत नाही. वरून एटीकेटी आहेच. एक विषय राहिला की पदवीच्या कागदावर पुढचे वर्ष येते.

तक्त्यात दोन रकाने ठेवा : प्रवेशाचे वर्ष आणि अभ्यासक्रम. छापताना शेवटच्या वर्षाच्या वर्गाप्रमाणे बॅच लावा, पदवी कोणत्या सत्रात हाती आली त्याप्रमाणे लावू नका. ज्यांच्याबरोबर शेवटच्या बाकावर बसले ती त्यांची बॅच, गुणपत्रिका काहीही म्हणो. एटीकेटीमुळे कोणी एकटाच पुढच्या वर्षात छापला गेला तर ते त्याला लागते आणि बाकीच्यांना तो सापडतही नाही.

वेळापत्रक कोर्टाच्या सुट्ट्यांवर आणि छापखान्यावर बेतावे

वकिलांकडून उत्तर मिळण्याचे खरे दिवस दोनच : मे महिन्याची सुटी आणि दिवाळीची सुटी. जून उजाडला, कोर्टाचे बोर्ड (रोजच्या प्रकरणांची यादी) भरू लागले की फॉर्म पडून राहतो. म्हणून फॉर्म मेच्या पहिल्या आठवड्यात पाठवा, सुटी संपण्याच्या आत एक आठवण आणि जूनच्या मध्याला शेवटची आठवण. जुलै-ऑगस्टमध्ये तपासणी आणि लेखन, सप्टेंबरात प्रत्येकाला त्याचा मजकूर वाचायला परत.

बरेच संघ अंक 3 डिसेंबरला, म्हणजे वकील दिनाला काढतात. डॉ. राजेंद्र प्रसाद यांचा तो जन्मदिवस. इथे एक अडचण असते, ती पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातले छापखाने आणि डीटीपीवाले दिवाळी अंकांत बुडालेले असतात. त्या काळात तुमचा बत्तीस पानी अंक कोणी हातात घेत नाही, घेतलाच तर प्रुफे रात्री अकराला येतात आणि सकाळी नऊला परत मागतात. मजकूर दिवाळीआधीच पूर्ण, वाचून, मान्य होऊन तयार ठेवा आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी छापायला द्या. दिवाळी नोव्हेंबरात आली असेल तर हातात जेमतेम तीन आठवडे उरतात, तेव्हा मांडणी तरी आधीच करून घ्यावी.

बॅचमागे एक माणूस

पन्नास वर्षांच्या बॅचेसना तुम्ही एकटे गाठू शकत नाही. प्रत्येक बॅचमध्ये एक माणूस असतोच ज्याला सगळ्यांचे नंबर पाठ असतात. तो बहुधा व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन असतो, पण नेहमीच नाही. त्याला बॅच-प्रतिनिधी करा. त्याच्याकडून दोनच गोष्टी हव्यात : फॉर्म ग्रुपवर टाकणे, आणि ज्यांनी भरला नाही अशा पाच जणांना स्वतः फोन करणे. बातमी त्याने लिहून पाठवायची नाही. प्रतिनिधीने मित्राबद्दल लिहिलेला मजकूर प्रेमळ असतो आणि हमखास चुकीचा असतो.

जुन्या बॅचेससाठी, साधारण 1980 च्या आधीच्या, फॉर्म विसरा. तिथे फोन करून विचारावे लागते आणि त्यासाठी कोर्टाच्या वेळा टाळून संध्याकाळी सहानंतर फोन करावा. त्या फोनवर अर्धा तास जातो, हे धरून चला.

फॉर्ममध्ये काय विचारावे

एका मोबाइल स्क्रीनवर मावेल एवढाच फॉर्म ठेवा. हे पुरते :

- पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, आणि सनदेवर (वकिलीच्या परवान्यावर) जसे आहे तसे
- कॉलेजात असतानाचे नाव, वेगळे असल्यास
- प्रवेशाचे वर्ष, अभ्यासक्रम
- सनद चालू आहे, स्थगित आहे, की घेतलीच नाही
- सध्याचे पद, ठिकाण, कधीपासून
- या वर्षभरातली कामाची एक बातमी
- घरची एक बातमी, द्यायची असल्यास
- छापण्यास संमती : मजकूर, फोटो, शहर, ईमेल, प्रत्येकाला वेगळी खूण

वडिलांचे नाव सक्तीचे करा. नुसते ‘ॲड. एस. पाटील’ म्हटले तर कोल्हापूरच्या बारमध्ये, म्हणजे तिथल्या वकिलांत, चार माणसे मागे वळून बघतील. संमतीची खूण एकच ठेवली तर लोक ती न वाचता दाबतात आणि अंक आल्यावर ‘माझा ईमेल कोणी छापला’ म्हणून विचारतात.

सनदेचा प्रश्न अनेकांना खटकतो, पण तो काढू नका. नावाआधी ‘ॲड.’ लावायचे की नाही हे त्याच उत्तरावर ठरते. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या 49 व्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. बँकेच्या विधी विभागात किंवा कंपनीत पूर्णवेळ काम करणाऱ्या मैत्रिणीचे नाव ‘ॲड.’ लावून छापले, तर तुम्ही तिला नकळत अडचणीत आणता. तिच्या नावाआधी ‘श्रीमती’ लावा किंवा काहीच लावू नका. लॉ कॉलेजात शिकवणाऱ्यांचे वेगळे आहे : दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवणाऱ्याला वकिली चालू ठेवता येते. म्हणून ‘प्राध्यापक आहे म्हणजे वकील नाही’ असे गृहीत धरू नका, विचारा.

पदनामे : चुका इथेच होतात

बातमी येते ‘जज झाला!’ यातून छापण्याजोगे वाक्य तयार करायला निदान तीन प्रश्न विचारावे लागतात.

कनिष्ठ न्यायव्यवस्थेतले पहिले पद ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’ असे आहे. बारमध्ये सगळे जेएमएफसी म्हणतात, पण अंकात पूर्ण लिहावे. ही परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. आयोग शिफारस करतो, नियुक्तीचा आदेश नंतर निघतो आणि मधे बरेच महिने जाऊ शकतात. यादीत नाव आले असेल तर ‘निवड झाली’ असे लिहा, रुजू झाले असतील तरच ‘नियुक्ती’. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. त्यामुळे पुढे ‘कॉलेजातून थेट न्यायाधीश’ अशी बातमी हाती आली तर दोनदा तपासा.

उच्च न्यायालयाबाबत हेच अधिक काटेकोरपणे. कॉलेजियमची, म्हणजे नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाची, शिफारस ही नियुक्ती नव्हे. शपथ झाली की मगच बातमी. आणि पहिली नेमणूक बहुधा ‘अतिरिक्त न्यायमूर्ती’ म्हणून असते, तो शब्द गाळू नये. मराठीत ‘न्यायमूर्ती’ उच्च आणि सर्वोच्च न्यायालयासाठी, जिल्हा पातळीवर ‘न्यायाधीश’. जिल्हा न्यायाधीशाला प्रेमापोटी ‘न्या.मू.’ केले की पहिली तक्रार त्याच्याकडूनच येते.

‘सिनिअर वकील’ हा असाच एक सापळा. बोलताना आपण पंचवीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या कोणालाही सिनिअर म्हणतो, ज्याच्या चेंबरला उमेदवारी केली तोही आपला सिनिअर. पण ‘वरिष्ठ अधिवक्ता’ हा ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 16 खालचा दर्जा आहे, तो सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय देते आणि तो मिळालेला वकील स्वतः वकीलपत्र दाखल करत नाही. अंकात ‘वरिष्ठ’ हा शब्द फक्त त्या दर्जासाठी राखून ठेवा, बाकीच्यांसाठी ‘1998 पासून वकिली’ असे लिहा. त्यात मान कमी होत नाही.

सरकारी बाजूची पदे मराठीत हमखास एकमेकांत मिसळतात. सहायक सरकारी वकील दिवाणी बाजूचे आणि रिटचे काम पाहतो, सहायक सरकारी अभियोक्ता फौजदारी खटले चालवतो. बारमध्ये एजीपी आणि एपीपी. पाठवणाऱ्याने नुसते ‘सरकारी वकील’ लिहिले असेल तर यातले कोणते, आणि जिल्ह्यात की उच्च न्यायालयात, हे विचारा. नोटरीचेही तसेच : यादीत नाव येणे आणि प्रमाणपत्र हातात पडणे या दोन वेगळ्या तारखा आहेत. सर्वसाधारण उमेदवाराला दहा वर्षांची वकिली लागते, महिलांना आणि मागास प्रवर्गांना सात. 2021 च्या बॅचमधला कोणी नोटरी झाल्याचा मेसेज 2025 मध्ये आला, तर काहीतरी चुकले आहे.

‘सुप्रीम कोर्टात वकील झाली’ या वाक्याला अर्थच नाही, कारण सनद असलेला कोणीही वकील तिथे उभा राहू शकतो. बहुधा त्यांना ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ची परीक्षा म्हणायची असते. ती परीक्षा चार वर्षांची वकिली आणि त्यानंतर एक वर्षाची उमेदवारी झाल्यावर देता येते आणि तिथे प्रकरण दाखल करण्याचा अधिकार अशा वकिलांनाच असतो. परीक्षा पास झाली असे स्पष्ट लिहा. ‘सॉलिसिटर’ म्हटले की मुंबईचा की इंग्लंडचा हे विचारा : मुंबईत आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी) करून बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देतात, इंग्लंड-वेल्समध्ये 2021 पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) आहे. दोन्ही ठिकाणी शब्द तोच, रस्ता पूर्ण वेगळा.

ठिकाणाच्या बातम्यांत सध्या कोल्हापूरची भर आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते पीठ) तिथे 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली येतात. मुंबईत चेंबर असलेले अनेक जण घराजवळ परतल्याच्या बातम्या म्हणूनच येत राहतील. तिथे ‘खंडपीठ’ लिहून येईल, तुम्ही ‘सर्किट बेंच’ करा. खंडपीठे नागपूर, औरंगाबाद आणि गोव्याला आहेत.

बातमीची जाहिरात होऊ देऊ नका

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 36 वा नियम प्रत्येक नव्या संपादकाने एकदा मुळातून वाचावा. वकिलाला प्रत्यक्ष किंवा आडून जाहिरात करता येत नाही. चालवलेल्या खटल्यांच्या संदर्भात स्वतःचे फोटो छापून आणणे, वृत्तपत्रांना टिप्पण्या पुरवणे हेही त्यातच. नावाच्या पाटीवर आपण अमुक विषयातले तज्ज्ञ, बार असोसिएशनचे अध्यक्ष किंवा माजी न्यायाधीश असल्याचे लिहायचे नाही, इतके ते बारीक आहे. 2008 मध्ये संकेतस्थळापुरती सूट मिळाली : नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, सनदेचा क्रमांक व तारीख, राज्य बार कौन्सिल व बार असोसिएशनचे नाव, शिक्षण, प्रॅक्टिसची क्षेत्रे, इतकेच. तुमचा अंक संकेतस्थळ नाही. तरी ती यादी पट्टीसारखी वापरावी : तिच्या पलीकडचे काही आले की कात्री.

एक नमुना पाहू. ग्रुपवर साधारण असा मेसेज येतो :

‘मित्रांनो, बाप्पाच्या कृपेने शिवाजीनगर कोर्टासमोर नवीन ऑफिस!! रेरा, डीआरटी, घटस्फोट स्पेशालिस्ट. नामांकित बँकांच्या पॅनेलवर. अमुक गाजलेल्या केसमध्ये आपल्या बाजूने निकाल. लेकीला दहावीला 96 टक्के, अमुक शाळेत पहिली. केव्हाही फोन करा, पहिला सल्ला मोफत.’

अंकात याचे असे होते :

‘(पूर्ण नाव), पुणे, यांनी मार्चपासून शिवाजीनगर येथे स्वतंत्र कार्यालय सुरू केले. 2011 पासून ते पुणे जिल्हा न्यायालयात वकिली करतात. त्यांची मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली.’

काय गेले ते बघा. ‘स्पेशालिस्ट’ गेले, बँकांचे पॅनेल गेले, गाजलेली केस गेली (ती अपिलात असेल तर अजूनच नको), मोफत सल्ला तर गेलाच. मुलीचे गुण आणि शाळा गेली. मार्च आणि 2011 हे मात्र मेसेजमध्ये नव्हते, ते फोन करून विचारावे लागले. चांगल्या बातमीत एक तारीख आणि एक ठिकाण असतेच, ते नसेल तर विचारल्याशिवाय छापू नये. मजकूर साठ शब्दांच्या आत. दोन रकान्यांच्या ए-फोर पानावर फोटो नसतील तर अशा नऊ-दहा बातम्या बसतात.

घरची बातमी

इथे पदनामांपेक्षा जास्त जपावे लागते आणि नियम पुस्तकात सापडत नाहीत.

लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींचे कॉलेजातले नाव छापले नाही तर बॅच त्यांना ओळखत नाही. ते नुसते छापले तर सध्याची ओळख पुसली जाते. ‘(सध्याचे नाव), कॉलेजात (तेव्हाचे नाव)’ अशी साधी मांडणी ठेवा. ‘पूर्वाश्रमीच्या’ हा शब्द टाळा, संन्यास घेतल्यासारखे वाटते. कित्येकींची सनद माहेरच्याच नावाने असते आणि कोर्टात त्या त्याच नावाने ओळखल्या जातात, म्हणून कोणते नाव आधी हे त्यांनाच ठरवू द्या.

बाळ झाल्याची बातमी ‘मुलगी झाली’, ‘मुलगा झाला’ इतकीच. कन्यारत्न, पुत्ररत्न नको. मुलांची जन्मतारीख, शाळा, फोटो नको. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती मागतो, आणि कायदा नसता तरी ही माहिती शंभर घरांत जायला नकोच होती. लग्नाची बातमी लग्न झाल्यावर. साखरपुड्याची छापू नका, अंक निघेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. घटस्फोट, आजारपण, भावकीतली वाटणी या गोष्टी कोणी स्वतः लिहून पाठवल्या तरी एकदा फोन करून विचारा, ‘हे खरेच छापायचे आहे ना?’ दहापैकी नऊ जण नको म्हणतात.

निधनवार्ता व्हॉट्सॲपवरून कधीही उचलू नका. एकाच नावाचे दोन वकील एका जिल्ह्यात असतातच, आणि श्रद्धांजलीचे मेसेज नाव न वाचता पुढे जातात. घरातली एक व्यक्ती आणि स्थानिक बार असोसिएशन, दोन्हीकडून खात्री झाल्यावरच छापा. तेराव्याच्या आत घरी फोन करू नका, बॅच-प्रतिनिधीला जाऊन भेटायला सांगा. मजकुरात नाव, बॅच, कुठे वकिली केली किंवा कोणत्या पदावर होते, निधनाची तारीख. मृत्यूचे कारण नको. ही पाने बॅचप्रमाणे न लावता शेवटी एकत्र, चौकटीशिवाय द्यावीत. काळी जाड चौकट घातली की पान वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखे दिसते.

परत वाचायला द्या, मग छापखाना

प्रत्येकाला फक्त त्याचा मजकूर पाठवा. सोबत लिहा : ‘दहा दिवसांत दुरुस्ती कळवा, न कळवल्यास ही बातमी या अंकात घेतली जाणार नाही.’ ‘न कळवल्यास मान्य समजू’ असे लिहू नका, गप्प राहणे म्हणजे संमती होत नाही हे वकिलाला शिकवायला लागू नये. दुरुस्ती लेखीच घ्या.

फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागा, साधा पाठवला की तो दाबून लहान होतो. चार बाय पाच सेंटीमीटरच्या चौकटीला 300 डीपीआयने साधारण 475 बाय 590 पिक्सेल लागतात. गाऊन आणि बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) घातलेला फोटो न्यायालयाच्या आवारातला असेल तर घेऊ नका, साधा फोटो मागा.

शेवटचा घोटाळा फॉन्टचा. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असतो, बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, काम करतात. रूपांतरात नेमकी तीच अक्षरे मोडतात जी या पानांवर सर्वांत जास्त असतात : ‘ॲड.’ मधला ‘ॲ’ गायब होऊन चौकोन येतो किंवा ‘अ’वरचा चंद्र भलतीकडे जातो, ‘वऱ्हाड’ आणि ‘कऱ्हाड’ मधला ‘ऱ्ह’ फुटतो, आकडे इंग्रजी होतात नाहीतर उलटे. प्रुफ आले की आधी पानभर फक्त ‘ॲ’ शोधत जा, दुसऱ्या फेरीत फक्त आडनावे, तिसऱ्या फेरीत फक्त वर्षे. सलग वाचत गेलात तर डोळा ओळखीच्या नावांवरून घसरतो. पिन मारलेल्या अंकाची पाने चारच्या पटीत हवीत, तेव्हा या विभागाला आठ किंवा बारा पाने आधीच मागून ठेवा, नाहीतर शेवटच्या रात्री अध्यक्षांच्या मनोगतासाठी तुमच्याच तीन बॅचेस कापल्या जातील.

अंक वाटला की पहिल्या आठवड्यात दुरुस्त्यांचे फोन येतात. त्यांची वही करा आणि पुढच्या अंकात याच विभागाच्या पहिल्या पानावर ‘दुरुस्ती’ म्हणून छापा, शेवटच्या पानाच्या तळाला नव्हे. भरलेले फॉर्म आणि संमतीचे संदेश निदान पुढचा अंक निघेपर्यंत जपून ठेवा. फोन नंबरांचा तक्ता मात्र बॅच-प्रतिनिधींना पाठवलेल्या लिंकवर उघडा राहिलेला असतो, तो त्याच दिवशी बंद करा.